सहावा अल्बम, डावा कान

१

रविवारी दवाखाना बंद असतो. तरी सकाळी दहाला ताईने शटर अर्धं वर केलं आणि दोघांना वाकून आत यायला लावलं. पूर्ण वर केलं असतं तर कुणीतरी आजोबा हटकून आले असते, कानातल्या यंत्राची बॅटरी बदलून द्या म्हणाले असते आणि मग सुनेच्या तक्रारी ऐकण्यात तास गेला असता. आज तास घालवायला नव्हता. आज सात अल्बम ऐकायचे होते, पहिल्यापासून, एकापाठोपाठ एक.

ताई कानांची तपासणी करते. आठवड्याला चाळीसेक माणसं तिच्या हाताखालून जातात. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक ध्वनिबंद खोली आहे, जाड दुहेरी दाराची, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी. तिला सगळे कपाटच म्हणतात. माणसाला कपाटात बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात वायरचं बटण द्यायचं आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं: "आवाज ऐकू आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी दाबायचं." बटण दाबलं की बाहेर ताईच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मधे काच असते. काचेतून माणूस दिसतो, दिव्यातून त्याचा कान कळतो. सोळा वर्षं ताई हेच करत आली होती आणि तिला ते आवडायचं.

आत आलेल्या दोघांपैकी एक तिचा धाकटा भाऊ, ठोक्या. लहानपणी ताटं, टेबलं, ताईची पाठ, जे मिळेल ते ठोकायचा म्हणून हे नाव पडलं आणि पुढे धंदाही ठोकण्याचाच मिळाला. तो फरशा बसवतो. फरशी बसली की बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. खाली पोकळी राहिली असेल तर आवाज सांगतो. पण फरशी कापायच्या यंत्राशेजारी पंधरा वर्षं उभं राहून त्याचा डावा कान पार गेला होता. दोन वर्षांपूर्वी ताईनेच तपासला आणि तिनेच त्या कागदावर सही केली. आता उजवाही त्याच वाटेवर होता. गेल्या महिन्यात त्याने एका घरात अख्खी खोली पोकळ बसवली आणि त्याला कळलंच नाही.

येत्या गुरुवारी त्याच्या डाव्या कानाची शस्त्रक्रिया होती. आत एक यंत्र बसणार होतं. तीन आठवड्यांनी ते चालू करायचं, मग हळूहळू मेंदू त्याला सरावतो. मात्र ते बसवताना कानात जे काही शिल्लक असेल नसेल, तेही जाणार. ठोक्याने याआधी दोनदा तारीख घेऊन ऐन वेळी रद्द केली होती. दोन्ही वेळा कारण विचारल्यावर तो खांदे उडवून गप्प बसला होता. ताईने ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, आईला मधे घालून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "एकदा सगळे अल्बम ओळीने ऐकतो आणि मग काय ते कर माझ्या कानाचं."

म्हणून आज रविवार असूनही शटर अर्धं वर होतं.

२

दुसरा मास्तर. ठोक्याचा वर्गमित्र, शाळेत गणित शिकवतो, आणि आयुष्यात दोनच गोष्टींवर आवाज चढवतो: मुलांनी पायऱ्या गाळल्या तर, आणि कुणी तिसरा अल्बम चांगला म्हटलं तर.

अल्बम म्हणजे त्यांच्या बँडचे. ब्लॅक मेटल वाजवणारा बँड, तोंडाला पांढरं-काळं फासणारा, आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर अशा काटेरी अक्षरांत छापलेलं की वीस वर्षांत तिघांपैकी एकालाही ते धड वाचता आलं नव्हतं. म्हणून हे त्याला 'जाळी' म्हणायचे. सोळाव्या वर्षी दोघा पोरांनी पहिला अल्बम घरात लावला तेव्हा आई हातातलं काम टाकून आली होती आणि म्हणाली होती, "या माणसाला कुणी मारतंय का? मग सोडवा की त्याला." ताई तेव्हा भावावर लक्ष ठेवायला म्हणून शेजारी बसली आणि तिलाच ते व्यसन लागलं.

नवा अल्बम आला की तिघं एकत्र बसत, आधीचे सगळे पहिल्यापासून ऐकत आणि मास्तरच्या वहीत गुण देत. त्याला मास्तर फेरतपासणी म्हणे. वही तीच, वीस वर्षांपूर्वीची, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येकाचा रकाना वेगळा. गाण्याचं मिनिट लिहायचं, पुढे शेरा लिहायचा आणि संपेपर्यंत दुसऱ्याच्या रकान्यात डोकवायचं नाही.

"पहिलाच सगळ्यात भारी," मास्तरने बूट काढता काढता सुरुवात केली. "तळघरात, एका फुटक्या माइकवर. सगळं लांबून येतं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. त्यातच मजा आहे. दुसऱ्यात जरा जवळ आले. तिसऱ्यात पेटी घुसवली आणि वाट लावली. चौथ्यात अर्ध्या अर्ध्या तासाची गाणी, तेही सोसलं मी. पाचव्याला जुना ड्रमवाला गेला. आणि सहावा..."

"सहावाच खरा," ठोक्या म्हणाला.

"सहावा अल्बम जगात एका माणसाला आवडतो आणि तो माझ्या नशिबी आलाय. अरे, त्यात सगळं इतकं जवळ रेकॉर्ड केलंय की श्वास अंगावर येतो."

"म्हणूनच."

हा वाद जुना होता आणि तो कधीच मिटणारा नव्हता. ताईला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात तिला ती कल्पना सुचली. पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःला विचारलं, की मला तेव्हा गप्प बसता आलं नसतं का?

"वाद कशाला घालता," ती म्हणाली. "कपाटात बसा. यंत्राला सीडी लावायची सोय आहेच. जिथे अल्बम तुम्हाला पकडतो तिथे बटण दाबा. मी दिवा बघून वेळ सांगते, मास्तर लिहून घेईल. मग कळेल कुणाला कुठे काय लागतं."

मास्तरला हे फारच आवडलं. शास्त्रशुद्ध, म्हणाला. आजचा दिवस ठोक्याचा, म्हणून पहिला मान ठोक्याला मिळाला. तो कपाटात बसला, ताईने हेडफोन चढवले, बटण हातात दिलं आणि सवयीने ठरलेलं वाक्य म्हटलं. ठोक्याने तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"कितीही बारीक असला तरी?" त्याने विचारलं.

"कितीही बारीक असला तरी."

एक्केचाळीस मिनिटांत ठोक्याने चार वेळा बटण दाबलं. चारही वेळा मास्तरने घड्याळ बघून वेळ लिहिली आणि चारही वेळा कपाळाला आठ्या घातल्या.

"हा दाबतो कुठे?" तो पुटपुटला. "अकराव्या मिनिटाला पहिलं गाणं संपून दुसरं सुरू व्हायचंय. तिथे नुसती शांतता आहे."

३

मग मास्तर आत गेला. तिने पहिला अल्बम पुन्हा लावला, आणि पाचव्या सेकंदाला मास्तरने काचेवर टकटक केली.

"ताई, उजव्या कानात काहीच नाही. सगळं डाव्यातच येतंय."

ताईने यंत्राकडे पाहिलं. कान निवडायचं बटण 'डावा' वर होतं. शनिवारी संध्याकाळी शेवटची तपासणी एका आजींच्या डाव्या कानाची झाली होती आणि ते तसंच राहिलं होतं. इतकी साधी चूक. नवशिक्या पोरीने केली असती तर ताईने तिला फैलावर घेतलं असतं. ती सॉरी म्हणणार होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं.

ठोक्याने सबंध अल्बम मेलेल्या कानाने ऐकला होता.

म्हणजे ऐकलाच नव्हता. तिने त्या कानात याच यंत्रावरून सगळ्यात मोठा आवाज सोडून पाहिला होता, दिवा लागला नव्हता. एक्केचाळीस मिनिटं त्याच्यासाठी त्या हेडफोनमध्ये काहीही वाजलं नव्हतं. आणि तो शांत बसून होता, तक्रार नाही, हात हलवणं नाही, आणि चार वेळा त्याने बटण दाबलं होतं.

ठोक्या बाहेरच्या बाकावर पाणी पीत होता. ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"अल्बम ऐकू आला तुला?"

"गाणी नाही आली. मला वाटलं तू मुद्दाम बंद केलीस."

"मग बटण कशाला दाबलंस?"

ठोक्याने बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं. "तो आला तेव्हा दाबलं. तूच म्हणालीस ना, कितीही बारीक असला तरी."

"कोण तो?"

आता ठोक्याच गोंधळला. त्याने मास्तरकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. आपली थट्टा चालली आहे का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"खाली बोलतो तो. गाण्यांच्या खाली. भिंतीपलीकडून." तो मास्तरकडे वळला. "आत्ता तूच नाही का म्हणालास, पहिल्यात लांबून येतं, दुसऱ्यात जवळ आले? वीस वर्षं आपण दुसरं काय बोलतोय?"

वीस वर्षं तिघं एका खोलीत बसून एकच अल्बम ऐकत होते, आणि त्यातला एक जण भलतंच काहीतरी ऐकत होता.

४

ताई घाबरली, पण तिचा धंदाच असा होता की घाबरल्यावरही ती आधी वायर तपासते. तपासणीत खोटे दाब नेहमी येतात. लोकांना शांतता सोसत नाही, ते मनानेच आवाज तयार करतात आणि बटण दाबतात. मेलेल्या कानातही घंटा वाजतात, शिट्ट्या येतात, कुणाला पावलं ऐकू येतात. तिने कितीतरी जणांना हे समजावलं होतं आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. शिवाय डाव्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून उजव्या कानाला पोचू शकतो. त्यावरही उपाय असतो: उजव्या कानात नुसती फसफस सोडून द्यायची, म्हणजे त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

तिने फसफस सोडली. दुसरा अल्बम लावला, फक्त डाव्या कानात. ठोक्याने सात वेळा दाबलं.

"त्याला अल्बम पाठ आहेत," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज हलका होता, वर्गात कुणी हुशार मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर लागतो तसा. "ड्रम वाजवायचा तो. मनात मोजत बसला असेल."

"मग तिसरा मधूनच लाव. त्याला सांगू नकोस."

मास्तरने तिसरा अल्बम चौथ्या गाण्याच्या मध्यावरून सुरू केला. आत ठोक्या डोळे मिटून बसला होता. दोन मिनिटं गेली. गाणं थांबलं, पुढचं सुरू व्हायच्या आधीची शांतता आली आणि त्या शांततेत दिवा लागला.

ताईने मान फिरवून मास्तरकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो वही मागे मागे उलटत होता, पिवळ्या पडलेल्या पानांपर्यंत, जिथे त्यांची अक्षरं अजून पोरकट होती.

"ताई, हे बघा."

पहिल्या फेरतपासणीचं पान. ठोक्याचा रकाना. शेरे कमी, कारण त्याला लिहायचा कंटाळा. पण रकान्याच्या कडेला पेन्सिलीने चार बारीक वर्तुळं काढलेली होती आणि प्रत्येक वर्तुळापुढे वेळ होती. पहिली अकराव्या मिनिटाची. मास्तरने आजचा कागद शेजारी ठेवला. चारही वेळा सेकंदासकट जुळत होत्या.

"मला वाटायचं, तो तिथे पेन्सिलीशी खेळतोय," मास्तर म्हणाला.

त्यांनी चौथा लावला. मग पाचवा. जेवायची वेळ टळून गेली, कुणालाच भूक नव्हती. प्रत्येक अल्बमनंतर ठोक्या बाहेर येई, बाकावर बसे आणि विचारलं तर सांगे, तेही असं, की जणू शेजाऱ्याबद्दल बोलतोय. दुसऱ्यात तो जिना चढत असतो. तिसऱ्यात दाराशी थांबलेला. चौथ्यात दार उघडं असतं. पाचव्यात तो खोलीत असतो, पण समोर नाही. चेहरा बघितला का, असं मास्तरने विचारलं, तर ठोक्या म्हणाला, "आवाजाला कुठे चेहरा असतो?"

पाचव्यात एकोणतीस वेळा दिवा लागला होता.

"बास झालं," ताई म्हणाली. "उरलेले घरी ऐक."

"सहावा आहे पुढे," ठोक्या म्हणाला आणि आपण होऊन कपाटात जाऊन बसला. त्याचा चेहरा घामेजला होता. पण तो घाबरलेला नव्हता. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. आपली लहानपणापासूनची माणसं कशाला घाबरतात आणि कशाला नाही, हे आपल्याला ठाऊक असतं असं आपण समजतो.

५

सहाव्या अल्बममध्ये गाण्यांच्या मधे शांतता नाही. एक गाणं दुसऱ्यात मिसळतं. तरी पहिल्या मिनिटालाच दिवा लागला, विझला, लागला. मास्तरने चार-पाच वेळा लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. दिवा आता ठरावीक अंतराने लागत होता, कुणीतरी काही विचारावं आणि कुणीतरी उत्तर द्यावं एवढं अंतर.

ताईने ते अंतर ओळखलं. ते तिचंच होतं. ती तपासणी घेताना आवाज सोडते, थांबते, दिवा लागतो, पुढचा आवाज सोडते. सोळा वर्षांत तो ताल तिच्या बोटांत बसला होता.

तिने सीडी थांबवली.

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. काचेपलीकडे ठोक्याचा अंगठा बटणावर शांतपणे वरखाली होत होता. यंत्रातून आता काहीही जात नव्हतं, ना गाणं, ना फसफस. ती उठली, दोन्ही दारं उघडली आणि भावाच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढले.

"तो काय बोलतो?" तिने त्याचा उजवा कान धरून विचारलं. "खरं सांग मला. काय बोलतो तो?"

"बोलत नाही. विचारतो."

"काय विचारतो?"

"तू विचारतेस तेच," ठोक्या म्हणाला. "ऐकू येतंय का, म्हणून."

मास्तर दारात उभा होता. तो तिथेच भिंतीला टेकला.

"वीस वर्षं तो विचारतोय," ठोक्या सांगू लागला, आणि इतकं सलग बोलताना ताईने त्याला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. "आधी मला वाटलं गाण्याचाच भाग आहे. मग वाटलं, तुम्हालाही विचारत असेल आणि तुम्ही आपापलं काय ते मनात सांगत असाल. कान गेल्यावर सगळं गेलं, तो गेला नाही. दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा वाटलं, उत्तर न देताच कान बंद करायचा? कुणी इतकी वर्षं हाक मारतंय आणि आपण दार लावून घ्यायचं? पण उत्तर द्यायचं कसं तेच मला कळत नव्हतं. मोठ्याने हो म्हटलं तर त्याला पोचत नव्हतं. पहिल्याच वर्षी म्हणून बघितलं होतं मी." त्याने हातातलं बटण वर धरलं. "आज तू हे दिलंस. आधी तो विचारून थांबायचा, कितीतरी वेळ. आज दाबलं की लगेच पुढचं विचारतो. त्याला पोचतंय, ताई."

ताईला रडू आलं. भावावर रागावावं की त्याला पोटाशी धरावं हे तिला कळेना. तिने फक्त बटण त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खुर्चीमागच्या आकड्याला अडकवलं.

"चल घरी."

"सातवा राहिलाय."

"नको."

"अर्धवट सोडून मी गुरुवारी टेबलावर झोपणार नाही," ठोक्या म्हणाला. "सातवा ऐकला की येतो. तुझ्या गळ्याची शपथ, या वेळी रद्द करणार नाही."

दोन वर्षं ती याच वाक्यासाठी त्याच्या मागे लागली होती. उजव्या कानाला फार तर वर्ष होतं, मग तो आईची हाकही ऐकू शकणार नव्हता आणि फरशीही. तिने हेडफोन परत त्याच्या कानांवर चढवले, बाहेर येऊन दारं लावली, आणि सातवा अल्बम सुरू केला. बटण मात्र तिने त्याला परत दिलं नाही.

६

सातवा अल्बम स्वच्छ आहे. म्हाताऱ्या झालेल्या माणसांनी निवांतपणे वाजवलेला. मास्तर त्याला पेन्शनचा अल्बम म्हणतो. आज तो नुसता वही घेऊन बसला, तीन वर्षांपूर्वीच्या पानावर बोट ठेवून.

"सातव्याला तेवीस वर्तुळं आहेत त्याची," तो हळूच म्हणाला. "तेव्हा त्याचा कान थोडा चालू होता. पहिलं तिसऱ्या मिनिटाला."

तिसरं मिनिट आलं. काचेपलीकडे ठोक्या मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याने मान वर केली, थोडी डावीकडे झुकवली, आणि वाट पाहिली. मग त्याचा चेहरा बदलला. पुढच्या वर्तुळाच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. विसाव्या मिनिटाला त्याने डोळे पुसले, आणि चाळिसाव्या मिनिटाला अल्बम संपला तेव्हा तो हसत होता, लहानपणी ताप उतरल्यावर हसायचा तसा.

"नाहीये," आतल्या माइकमधून त्याचा आवाज आला. "ताई, सातव्यात तो नाहीच. एकदाही नाही. सगळं शांत आहे गं."

मास्तरने वही मिटली आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. ताईला एकदम हलकं वाटलं. काहीही असो, गेलं. कानातला भास होता, डोक्यातली एखादी शीर होती, काय असेल ते असो, पण ते गेलं होतं. तपासणी संपली की तिची एक सवय होती, शेवटी एकदा खात्री करून घ्यायची. ती तिच्या हातातच बसली होती. तिने कान निवडायचं बटण 'डावा' वर आहे हे पाहिलं, माइक जवळ ओढला, ओठ दिसू नयेत म्हणून मान खाली घातली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं:

"ऐकू येतंय का?"

दिवा लागला.

तिने मान वर केली. ठोक्या खुर्चीवरून उठून काचेशी आला होता. त्याचे दोन्ही तळवे काचेवर टेकलेले होते. त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीशी, बटण आकड्याला लटकत होतं. ते अगदी स्थिर होतं. वायरसुद्धा हलत नव्हती. बटणावरची लाल टोपी मात्र आत दबलेली होती, पुरती खोल, आणि ताई बघत असताना ती सावकाश वर आली. दिवा विझला.

"तू काही बोललीस का?" ठोक्याने विचारलं. "हनुवटी हलल्यासारखी वाटली. मला काही आलं नाही."

"बाहेर ये," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

तो आला. तिने दोन्ही दारं लावली, बाहेरची कडी घातली, आणि मास्तरला हाताने खूण केली. मास्तरने दिवा पाहिला होता. बटण त्याला बसल्या जागेवरून दिसलं नसावं, पण ताईचा चेहरा त्याला दिसत होता. तो यंत्रामागे वाकला आणि प्लग उपटून काढला. यंत्रावरचे सगळे आकडे विझले.

अर्ध्या शटरखालून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. बाहेरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. ठोक्याने हातपाय ताणले, मग वाकून सवयीने पायाखालची फरशी बोटाच्या पेरानं ठोकली आणि उजवा कान खाली नेला.

"चांगली बसलीये," तो म्हणाला. "कुणी बसवली?"

"तूच," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"ऐक ना," तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, यंत्राकडे पाठ करून. त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत दिसला नव्हता असा मोकळेपणा होता. "गुरुवारचं पक्कं. आता मला ते यंत्र हवंच आहे. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या कानात काही नाहीये, आणि मला ते इतकं रिकामं सोसणार नाही. काहीतरी आलं पाहिजे तिथे. माणसांचं आलं तर बरंच."

"हो," ताई म्हणाली.

"आणि तीन आठवड्यांनी चालू करताना दुसरं कुणी नको. तूच हवीस. त्या कानात पहिला आवाज तुझाच यायला हवा. तूच विचारायचंस मला," आणि ठोक्या तिची नक्कल करत, तिच्या त्या ठरलेल्या, गोड, दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला, "ऐकू येतंय का?"

मास्तरच्या हातात प्लग तसाच होता. ठोक्याच्या खांद्यावरून ताईला यंत्र दिसत होतं.

दिवा लागलेला होता.

ठोक्या उत्तराची वाट बघत होता. ती कशाकडे बघतेय म्हणून तो मागे वळून बघायला लागला, आणि ताईने झटकन त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपल्याकडे फिरवला, आणि त्याने मागे बघू नये एवढ्यासाठी म्हणाली, "हो. मीच विचारीन."